पाडव्याला घर मोकळं

भाड्याचं घर घेताना काय काय बघावं, याची आमच्या मास्तरांजवळ तोंडपाठ यादी होती. ती त्यांची स्वतःची नव्हती. त्यांचे मुंजाजीमामा परभणीला एका वकिलाकडे मुन्शी होते, आणि घरमालक-भाडेकरूंचे तंटे लिहून लिहून त्यांचा माणसांवरचा भरवसा पार उडाला होता. पंचावन्न साली दिवाळीनंतर मास्तरांची वालूरच्या शाळेत नेमणूक झाली, तेव्हा मामांनी त्यांना समोर बसवून तासभर पढवलं. घर कुणाच्या नावावर आहे ते आधी विचारायचं. आपल्याआधी तिथं कोण राहत होतं आणि ते का गेलं, हे मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारायचं. माळवद गळतं का, हे कुणी आपणहून सांगत नसतं. भिंतीवरचे ओघळ आपणच बघायचे. किराया दिला की त्याच हातानं रसीद घ्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालकाशी बोलणं दारापुरतं ठेवायचं. एकदा का कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जायला लागल्या, की मग हक्काचं बोलायला तोंड उरत नाही.

मी आत भाकरी थापत हे सगळं ऐकत होते. मास्तरांशी लग्न होऊन चार महिने झाले होते, वय अठरा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मनात म्हटलं, या मामांना जन्मात कुणी प्रेमानं वाटीभर आमटी दिलेली दिसत नाही.

वालूरला आम्ही तीन घरं पाहिली. पहिलं कुणाच्या नावावर आहे यावर मालकाच्या ओट्यावरच दोघा भावांचं वाजलं. दुसऱ्याच्या भिंतीवर इतके ओघळ होते की मास्तरांनी आत पाऊलही टाकलं नाही. तिसरं घर कोंडाबाईचं. दोन खोल्या, वर माळवद, पुढं ओटा आणि ओट्यासमोर लिंबाचं झाड. कोंडाबाई धनगराची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचा लिंबाजी दिवाळी सरली की बायकापोरांसकट मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. मेंढ्यांच्या मुक्कामाला ते लोक वाडा म्हणतात. शेतकऱ्याच्या रानात ठरलेल्या रात्री वाडा बसवायचा, लेंडीखत पडलं की धान्य घ्यायचं आणि पुढच्या रानात जायचं. कोंडाबाई मात्र गावाबाहेरच गवताची कोपी घालून राहायची. लंगड्या, म्हाताऱ्या आणि कोवळ्या मेंढ्या तिच्या स्वाधीन असत. त्यामुळे गावातलं घर बंदच असायचं, आणि बंद घराला वाळवी लागते म्हणून तिला माणसं हवी होती.

ती उंच होती, उन्हानं वाळलेली, खांद्यावर काळं घोंगडं. मास्तरांनी मामांची यादी सुरू केली. घर तिच्याच नावावर होतं. आधी कोण राहत होतं, तर तीच. का सोडलं, तर मेंढरं दोन खोल्यांत मावत नाहीत म्हणून. मास्तर भिंतीवर बोटं वाजवून बघू लागले तेव्हा तिनं मला हळूच विचारलं की यांना घर घ्यायचंय का बैल. मला ती तिथल्या तिथे आवडली.

घोडं अडलं ते रसिदीवर. मास्तरांनी वही काढली, दर महिन्याच्या रसिदीवर अंगठा लागेल असं सांगितलं, आणि कोंडाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मग ओट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. ओढ्याकाठी त्यांचं चार एकर रान होतं. नवरा गेला तेव्हा लिंबाजी लहान, म्हणून तिनं ते रान चुलत दीर भुजंगला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं. त्यानं एक उर्दू कागद आणला, तिनं अंगठा उठवला. निजामाचं राज्य गेलं, पुढं कूळकायदा आला, आणि भुजंग एवढी वर्षं रान कसतोय म्हणून पटवाऱ्याच्या दप्तरी त्याचं नाव कूळ म्हणून लागलं. रान गेलं. आता घर तेवढं राहिलं होतं.

"ह्या अंगठ्यानं रान गेलं," ती म्हणाली. "किराया दिला न्हाई तरी चालंल मास्तर, पन अंगठा मागू नका."

मास्तरांना शिकवायची हौस दांडगी. त्यांनी तिला अर्धा तास समजावलं की कूळकायदा शेतीचा आहे, घराला कूळ लागत नसतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की भुजंगसुद्धा असंच छान समजावून सांगायचा. शेवटी तिनंच तोड काढली. काळ्या लोकरीची वळलेली बारीक दोरी तिनं दाराआडच्या खुंटीला बांधली. महिन्याचा किराया हातात पडला की ती त्या दोरीला एक गाठ मारणार, आमच्यासमोर. मास्तरांनी हे मामांना कळवलं. मामांचं कार्ड उलट टपाली आलं. त्यात एकच ओळ होती, गाठी कोर्टात चालत नाहीत.

वाट्यांचा नियम तर तिसऱ्याच दिवशी मोडला. कोंडाबाई शेळीच्या दुधाचा गडवा घेऊन आली. रिकामा गडवा परत कसा द्यायचा, म्हणून मी त्यात डाळ घातली. मास्तरांनी मामांची आठवण करून दिली. मी म्हटलं, मामांनाच लिहा, रिकामा गडवा परत करायची रीत त्यांच्या कोर्टात चालत असेल, माझ्या घरात नाही.

म्हणून आमचं दोघींचं नुसतं गूळपाणी होतं असं कुणी समजू नये. तिचा जीव त्या घरात अडकलेला. रोज एकदा यायची, भिंतीवरून हात फिरवायची, सारवण नीट बसलं नाही तर माझ्या देखत स्वतः पुन्हा सारवायची. एकदा मी आरसा टांगायला भिंतीत खिळा ठोकला. तिनं तो पाहिला आणि म्हणाली की माझ्या भिंतीला भोक पाडलंस. मी म्हटलं, किराया देतो आम्ही, धर्मशाळेत नाही राहिलो. तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी लिंबाची एक तासलेली खुंटी घेऊन आली, माती कालवून भिंतीत बसवली, मला भिंतीपाशी उभं करून माझ्या कपाळाची उंची पाहिली आणि आरसा तिथं टांगून निघून गेली. माफी तिनंही मागितली नाही आणि मीही नाही. त्या आरशात मला कधी वाकून बघावं लागलं नाही, एवढं मात्र खरं.

मग आमचा पहिला पाडवा आला. मी मानवतहून, माझ्या माहेरच्या बाजारातून, गुढीसाठी हिरवा रेशमी खण मागवून ठेवला होता. स्वतःच्या संसारातली पहिली गुढी. आदल्या दिवशी कोंडाबाई ओट्यावर आली आणि म्हणाली की उद्या घर मोकळं करायचं. सगळं सामान बाहेर, चूल थंड. एक रात्र तिच्या कोपीवर काढायची आणि परवा सकाळी परत यायचं.

मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती करत नव्हती. तिच्या लेखी हा सरळ हिशेब होता. धनगर एका रानात ठरल्यापेक्षा जास्त रात्री वाडा ठेवत नाही. त्याच रानात पुन्हा बसायचं असलं तरी मध्ये एक रात्र वाडा उठवायचा, म्हणजे रान कुणाचं आणि मुक्काम कुणाचा हे दोघांच्याही ध्यानात राहतं. भुजंगला तिनं कधी उठवलं नाही, वर्षामागून वर्षं तसाच बसू दिला, म्हणून तर त्याचं नाव लागलं. ती चूक तिला पुन्हा करायची नव्हती. पाडव्याला घर रिकामं राहील, दाराला तिची गुढी उभी राहील, आणि मालक कोण हे सगळी गल्ली बघेल.

मास्तर म्हणाले, मामांनी सगळं विचारायला सांगितलं होतं, हे एवढंच राहून गेलं. मी त्या दिवशी भांडी आपटत बांधली. सकाळी दोन खेपांत सामान कोपीवर नेलं. अर्ध्याहून जास्त कोंडाबाईनंच डोक्यावर वाहिलं, आणि माझा आरसा तर तिनं दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला नाही. मग तिनं खुंटीवरची दोरी काढली, त्यातली एक एक गाठ नखानं सोडवली आणि मोकळी दोरी विझत्या चुलीत टाकली. वर्ष मोडलं, म्हणाली. माझ्या खणाची घडी पेटीतच राहिली, आणि ते मला लागलं, खोटं कशाला सांगू.

लिंबाजीला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाडव्यापुरता वाडा गावाजवळ आणला होता. रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. आईपेक्षा त्याच्याच मनात भीती जास्त होती. रान बटईनं भुजंगच्या हाती गेलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि बांधावर उभा राहून त्यानं भुजंगला आपल्या रानात पाभर हाकताना पाहिलं होतं. आम्ही निघाल्यावर तो घरात जाऊन कोपरान् कोपरा बघून आला. तिन्हीसांजेला कोपीवर आला तेव्हा त्याच्या हातात माझ्या केसांचा एक आकडा होता. चुलीमागं सापडला म्हणाला. दोन्ही हातांनी त्यानं तो मला परत दिला. आमचं एवढंसंदेखील त्या घरात मागं राहायला नको होतं. मला हसू आलं, आणि त्याचा चेहरा बघून ते आवरलंही.

त्याच संध्याकाळी एक मेंढी अडली. कोंडाबाईनं कोपरापर्यंत हात धुतले, तिच्याशी काहीबाही बोलत बसली आणि कोकरू असं अलगद सोडवलं की मेंढी दोनदाच ओरडली. मी राग विसरून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही परत घरात आलो. खुंटीला नवी दोरी होती.

दुसरं वर्ष सुखात गेलं. दिवाळीच्या आसपास हैदराबादचं राज्य मोडून आमचा मुलूख मुंबईला जोडला. मास्तरांनी ओट्यावर बसून कोंडाबाईला नकाशा दाखवला. ती म्हणाली की म्हणजे सरकारसुद्धा वाडा उठवायला लागलं म्हणायचं. मला तेव्हा दिवस गेले होते. मला आई नाही. बाळंतपणाला मानवतला भावाकडे जायचं, पाडवा झाल्यावर निघायचं, असं ठरलेलं. म्हणजे घर मोकळं करायचं ते करून आम्ही तसेच एसटीनं पुढं जाणार होतो. कोंडाबाईलाही ते सोयीचं होतं.

पण पोर ठरल्याप्रमाणे थांबलं नाही. पाडव्याला सहा दिवस राहिले असताना भर दुपारी माझं पोट दुखायला लागलं. मास्तर शाळेत होते. शेजारणीनं कोपीकडे निरोप धाडला आणि कोंडाबाई धावत आली. तिला कोपरापर्यंत हात धुताना मी पाहिलं आणि ती मेंढी आठवली. भीती थोडी कमी झाली. दिवेलागणीला मुलगी झाली, एवढीशी, ओंजळभर. महिन्याआधी आलेली, रडायचं त्राण नाही, दूध ओढायचं बळ नाही. कोंडाबाईनं पिंजलेली लोकर आणली, तिला त्यात गुंडाळलं आणि मला सांगितलं की हिला वारा लागू द्यायचा नाही, दहा-बारा दिवस दारसुद्धा दाखवायचं नाही. दिवसभर ती आमच्यापाशी असायची, कापसाच्या वातीनं पोरीच्या तोंडात दूध पिळायची. रात्री मेंढ्यांपाशी कुणी नाही म्हणून तेवढी कोपीवर जायची.

पाडव्याची आठवण कुणीच काढत नव्हतं. मी रोज दिवस मोजत होते. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

पाचवी पुजली त्या संध्याकाळी लिंबाजी आला. घरात सुवेर, म्हणून तो ओट्यावरच बसला. मधे एक भिंत. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्यानं आवाज चढवला नाही. तो म्हणाला की आईनं जे केलं ते चांगलंच केलं, पण परवा पाडवा आहे. माणसं आत आहेत म्हणजे घर मोकळं होत नाही. बाळंतपणाचं सुवेर आहे म्हणजे या दाराला दहा दिवस देवाचं काही चालत नाही, गुढीही नाही.

"वाडा बी उठला न्हाई, गुढी बी न्हाई," तो म्हणाला. "मंग घर कुनाचं, माय?"

मास्तर म्हणाले, स्टँपाच्या कागदावर लिहून देतो की या घरावर माझा काही हक्क नाही. कागदाचं नाव लिंबाजीनं कानाआड केलं. मग त्यानं सांगितलं की त्यानं बैलगाडी तयार ठेवली आहे. तळाला कडबा, त्यावर लोकर, त्यावर चार घोंगडी, वरून ताडपत्री. बैल न जोडता तो स्वतः गाडी ओढणार होता, म्हणजे हिसका बसला नसता. एकच रात्र. तो हे सगळं अडखळत सांगत होता, आणि त्यानं त्या गाडीवर अख्खी दुपार घालवली होती हे ऐकणाऱ्याला कळत होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. तो येईना.

उलट माझाच ताठा उसळला. मी आतून म्हटलं की बोचकं बांधा, मी चालत जाईन, कुणाच्या घराला माझ्यामुळं बट्टा नको. बोलून गेले आणि मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. ती वात तोंडात धरून झोपली होती. चैत्राच्या तोंडावर सुटलेला तो वारा, दोन फर्लांगाचं रान, आणि हे लोकरीतलं पाखरू. ती बाहेर निघाली तर राहणार नाही, हे मला कळत होतं. मास्तरांना कळत होतं. कोंडाबाईला आमच्या दोघांपेक्षा जास्त कळत होतं. पण तिच्या एका बाजूला माझी पोर होती आणि दुसऱ्या बाजूला तिच्या पोराचं उरलंसुरलं छप्पर. खुंटीवरच्या दोरीकडे तिनं एकदा पाहिलं, पायात वहाणा सरकवल्या आणि कोपीकडे निघून गेली. लिंबाजी तिच्या मागं गेला.

त्या रात्री मास्तरांनी मामांचं नाव काढलं नाही. मी रडले. भाड्याचं घर ते भाड्याचंच, असं मला पहिल्यांदाच वाटलं. एवढे दिवस मी त्या घराला माझं म्हणत होते, आणि ते बोलण्यापुरतंच होतं.

सकाळी कोंडाबाई आली ती घोंगड्याची वळकटी, तांब्या आणि तव्यासकट. पाडव्यासाठी वाडा गावाजवळ आला होता, त्यामुळे मेंढ्यांपाशी आता सून होती. तिनं पुढच्या खोलीत, उंबऱ्याला लागूनच, घोंगडं अंथरलं, चूल पेटवली, मला शेक दिला, पोरीला तेल लावलं. गाडीचं काय, कधी निघायचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. रात्री ती तिथंच निजली.

पाडव्याच्या सकाळी गल्लीत दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. लिंबाजी आला. खांद्यावर वेळू, हातात तांब्याचा गडू आणि लिंबाचा डहाळा. त्यानं मनाशी ठरवलं असावं की गाडी नाही तर नाही, दाराला नाही तर नाही, निदान ओट्याच्या टोकाला, झाडापाशी, आपली गुढी दिसली पाहिजे. कोंडाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"वेळू खाली ठेव, लिंबाजी. तुला सुवेर हाय."

तो गोंधळला. "मला? मला कशाचं सुवेर?"

"ज्याच्या घरात लेकरू जलमलं त्याला सुवेर. हे घर तुझं हाय का न्हाई?"

मी भिंतीला कान लावून होते. मग लिंबाजी म्हणाला, "हाय."

"मंग ठेव खाली. वाड्यावर बी गुढी उभारायची न्हाई. धा दिस देवाला हात लावायचा न्हाई, मी बी न्हाई, तू बी न्हाई."

ओट्यावर वेळू टेकवल्याचा आवाज आला. गडूही टेकवला. तो लगेच गेला नाही. ओट्यावरच बसून राहिला. काय विचार करत होता देव जाणे. आईनं त्याला हरवलं होतं की जिंकून दिलं होतं, हे त्याचं त्यालाच अजून उमगत नसावं.

तेवढ्यात भुजंग गल्लीतून येताना मला दाराच्या फटीतून दिसला. नवं धोतर, कपाळाला गंध. आमच्या दाराला गुढी नाही हे त्यानं लांबूनच पाहिलं होतं. थांबला आणि मायेनं चौकशी करावी तसं विचारलं की काय रे लिंबाजी, यंदा घराला गुढी नाही? मास्तरांनी घर मोकळं केलं नाही वाटतं? शेजारपाजारचे लोकही दारात उभे राहून ऐकत होते. मी पोरीला छातीशी घट्ट धरलं. आता लिंबाजी वेळू उचलील, नाहीतर गाडी आणील.

लिंबाजी उठून उभा राहिला. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. तो एवढ्या मोठ्यानं बोलतो हे मला माहीतच नव्हतं.

"आमच्या घरात सुवेर हाय, काका. लेकरू झालंय."

भुजंग म्हणाला की ते तर मास्तराच्या बायकोला झालं.

"घर आमचं हाय," लिंबाजी म्हणाला. "आमच्या घरात झालंय. सुवेर आमाला हाय."

आणि आतून कोंडाबाई उंबरा न ओलांडता बोलली, अगदी साध्या सुरात. "भुजंगा, तू बी भाऊकीतलाच की. सुवेर भाऊकीला बी असतंय. गुढी उतरवून ठेव."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग आख्खी गल्ली हसली. भुजंगनं काहीतरी पुटपुटलं आणि वाट धरली. त्यानं गुढी उतरवली की नाही मला ठाऊक नाही. पण पुढं कितीतरी दिवस लोक त्याला सुवेर फिटलं का म्हणून विचारत होते. मी तेव्हा हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी पोरीच्या लोकरीवर पडत होतं. एकोणीस-वीस वर्षांत मला कुणी आपल्या सुवेरात घेतलं नव्हतं. आई असती तर तिनंही याहून जास्त काय केलं असतं?

कोंडाबाईनं ते दहा दिवस काटेकोर पाळले. मारुतीच्या पारावर गेली नाही, कोपीतल्या देवांना लिंबाजीनं एका शेजाऱ्याकरवी फूल वाहिलं. पोर हळूहळू दूध ओढायला लागली. बाराव्या दिवशी बारसं झालं, कानात नाव कोंडाबाईनंच सांगितलं. बायका गेल्यावर मास्तर आतल्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं बोचकं बांधून बाहेर आले. मला त्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं. ते कोंडाबाईला म्हणाले की आता पोर टणक झाली आहे, वारा पडला आहे, आज एक रात्र आम्ही तिघं कोपीवर येतो. तुमचा नियम मोडायला नको. मास्तरांशी मी वीसएक गोष्टींवरून भांडले असेन, पण त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला.

कोंडाबाईनं बोचक्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. उठून दाराआडच्या खुंटीवरची दोरी काढली. दोन पाडव्यांमधल्या बारा गाठी तिच्यात होत्या. यंदा तिनं त्या सोडवल्या नव्हत्या. मला वाटलं आता नखानं एकेक सोडवायला बसेल आणि दोरी चुलीत टाकील. ती पोरीपाशी बसली, लोकर बाजूला केली, आणि ती काळी दोरी करदोडा म्हणून तिच्या कमरेला दोनदा गुंडाळून बांधली.

"लय दिस मागत व्हतात ना रसीद, मास्तर?" ती म्हणाली. "घ्या."

मास्तरांनी बोचकं खाली ठेवलं आणि त्याची गाठ सोडायला लागले. ती त्यांना काही केल्या सुटेना, तेव्हा बारशाला आलेल्या लिंबाजीनं सोडवून दिली.

त्या आठवड्यात मास्तरांनी मामांना कार्ड लिहिलं. वर्षभराच्या बाराच्या बारा रसिदा मालकिणीकडून मिळाल्या, काळजी नसावी. त्या कुठं ठेवल्या आहेत, ते मात्र लिहिलं नाही.